रिव्हर्सला वाजणारा हेडर

भाट्ये, रत्नागिरी
20 मे

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "हेडर बसला का रे?" मी "बसला" म्हणालो आणि विषय आंब्याच्या पेट्यांवर गेला. नंतर वहिनींकडून कळलं की तुझ्या होंडा सिटीलाही तू तोच, म्हणजे मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसणारा, इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांचा हेडर मागवणार आहेस. म्हटलं, पैसे भरायच्या आधी तुला सगळं नीट लिहून कळवावं.

गाडी तुला ठाऊकच आहे. अण्णांची 2001 ची सिटी, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनाची, 106 हॉर्सपॉवरची. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढच्या अंगाला, रेडिएटरकडे. बॉनेट उघडलं की धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड समोरच दिसतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण मॅनिफोल्ड आणि पंखे यांच्यामध्ये हात आडवा जात नाही. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड आखूड, इंजिनाला बिलगून असलेला. हेडरच्या चार नळ्या वळसे घेत खाली उतरतात, त्यांना त्याच फटीत जागा करून द्यावी लागते.

मी चार-दोन-एकचा घेतला. फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असल्यामुळे पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा सिलिंडर अशा जोड्या लागतात, मग त्या दोन नळ्यांची एक होते. एका सिलिंडरचा धूर जोरात निघून गेला की त्याच्या मागे दाब उतरतो, आणि त्या ओढीने जोडीदाराचा उरलेला धूरही बाहेर येतो. याचा फायदा मधल्या आरपीएमला मिळतो. आपल्याला तोच हवा. आंबा घाटात तिसऱ्या गिअरला गाडी कशी मरगळायची, ते तू शेजारी बसून बघितलं आहेस.

जुना मॅनिफोल्ड काढतानाच दोन दिवस गेले. खाऱ्या हवेने नट आणि मॅनिफोल्ड धरणारे स्टड एकजीव झाले होते. दोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी कडेचा एक स्टड तुटलाच. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे ड्रिल घालायची माझी छाती झाली नाही. मिरकरवाड्याला ट्रॉलरची कामं करणारे एक वेल्डर आहेत, त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी तुटलेल्या बुडख्यावर एक नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं, लाल झालेलं जरा निवू दिलं आणि पाना लावून अलगद फिरवलं. बुडखा अख्खा बाहेर आला! वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही आणि तापल्याने गंजाची पकड सुटते, एवढंच त्यामागचं गणित. पण तो हात बघण्यासारखा होता. तुझ्याकडे स्टड तुटला तर हेच करून घे.

बसवताना रेडिएटर आणि दोन्ही पंखे काढले आणि हेडर वरून सोडला. आधी पॅकिंग न लावता नुसता टेकवून बघितला. मग नवं पॅकिंग, थ्रेडला तांब्याची पेस्ट, आणि मधल्या नटापासून कडेकडे जात 31 न्यूटन-मीटरला आवळलं. दोन नटांना टॉर्क पाना पोचतच नाही, तिथे बारा नंबरचा आखूड रिंग पाना आणि हाताचा अंदाज. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी कुठेही गळती राहू देऊ नकोस. तिथून हवा आत ओढली गेली की सेन्सरला पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उगाच जास्त सोडत राहतो.

इथपर्यंत सगळं ठीक. स्टार्ट केली, आवाज गोड. आरे-वारेपर्यंत जाऊन आलो, काही नाही. घरी येऊन आमच्या गडग्याशेजारच्या चढावर रिव्हर्स टाकला आणि पुढून खडखड! पुन्हा पुढे घेतली, गप्प. रिव्हर्स, खडखड. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी उलगडा झाला. पुढच्या गिअरला चाकं गाडी ओढतात तेव्हा इंजिनाचा माथा मागे झुकतो. रिव्हर्सला तो पुढे, रेडिएटरकडे येतो. उभ्या गाडीत मी नळी आणि पंख्याची जाळी यांच्यात सहा मिलिमीटर मोजले होते आणि त्यावर खूश होतो. पण इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी बूड, चोवीस वर्षांचं, रबर चिरलेलं. चढावर रिव्हर्सला ते सहा मिलिमीटर उरतच नव्हते.

मग आईकडून कणकेचा गोळा घेतला. इंजिन गार असताना जाळीवर नळीसमोर त्याच्या गोळ्या चिकटवल्या, चढावर एकदाच रिव्हर्स घेतला आणि लगेच बंद केली. एक गोळी कागदासारखी चपटली होती, दुसरी दोन मिलिमीटर. नेमकं कुठे आणि किती लागतंय ते समजलं. फाउंडेशन नवी टाकली आणि तेवढ्या बाजूचा पंखा बदलून पातळ घेतला. परत कणीक लावली, तर रिव्हर्सलाही पाच मिलिमीटर उरले. विकणाऱ्याने "थेट बसतो" म्हणून सांगितलं होतं. ते उभ्या गाडीपुरतं खरं होतं.

एक गोष्ट मात्र ऐकच. हेडरला कापडी पट्टी गुंडाळायचा मोह होईल, फोटोत छान दिसते. आपल्याकडच्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि आतला धातू खाते. तू पुण्यात असलास तरी गणपतीत आणि शिमग्याला गाडी इथेच येते. पट्टीपेक्षा पत्र्याची उष्णतारोधक ढाल लाव. माझा हेडर 304 स्टेनलेसचा, तरी महिन्याभरात वेल्डिंगच्या कडेने तांबूस डाग आलेच. पुसले की जातात.

गेल्या रविवारी आंबा घाट चढून साखरप्याला परत आलो. तिसऱ्यातच. अण्णा शेजारी होते, काही बोलले नाहीत, पण वरच्या वळणावर त्यांनी खिडकीची काच खाली घेतली आणि आवाज ऐकत बसले.

तू आधी फाउंडेशन तपासून घे आणि कणकेचं माप मला कळव. त्याआधी मागवू नकोस. वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
विन्या