‘डूकी’चा आवाज कुठून येतो

प्रिय अजय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पाच गाण्यांना ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडच्या ‘डूकी’ अल्बमसारखा आवाज हवा असेल तर स्टुडिओवर किती खर्च करावा, असं तू विचारलंस. स्टुडिओचं मागाहून बघू. तुमच्या गिटारच्या तारा आणि तुझा उजवा हात, यांचं आधी बोलू.

ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम लुकआउट या छोट्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) निघाले. मग ते वॉर्नर या मोठ्या कंपनीच्या रिप्रीज लेबलकडे गेले. तेवढ्यापायी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक क्लबचं दार त्यांना बंद झालं, कारण मोठ्या लेबलचा बँड तिथे वाजवायचा नाही असा त्या जागेचा नियमच होता. १९९३ मध्ये निर्माता रॉब कॅव्हालोबरोबर ते फँटसी स्टुडिओत बसले, तोही बर्कलीतच. रेकॉर्डिंग साधारण तीन आठवड्यांत उरकलं आणि गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँगचं गाणं तर दोनेक दिवसांत. सुरुवातीला त्यांना सेक्स पिस्टल्स किंवा सुरुवातीच्या ब्लॅक सॅबथसारखा कोरडा आवाज हवा होता. मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून केलेलं अंतिम रूप, तयार झालं, पण पटलं नाही. कॅव्हालोनेही ते मान्य केलं आणि सगळं पुन्हा मिक्स झालं. मोठ्या कंपनीचा खरा उपयोग मला इथे दिसतो: झालेलं काम बाजूला ठेवून पुन्हा बसण्याइतका वेळ मिळाला. बाकीचं ते घरूनच शिकून आले होते. ‘वेलकम टू पॅराडाइज’ आधीच्या ‘करप्लंक’वर होतंच, इथे ते नव्याने वाजवलंय. दोन्ही लागोपाठ ऐक.

आता तुमचं. गिटार आणि बास अर्ध्या सुराने खाली लावा, म्हणजे सगळ्यात जाड तार ई-फ्लॅटला येईल. गाताना गळ्यावरचा ताणही कमी होतो. पण तुझ्या गिटारवर ०.००९ चा संच आहे, म्हणजे सगळ्यात पातळ तार ०.००९ इंच जाडीची. तो खाली लावलास की तारा ढिल्या पडतील आणि जोरात झटका दिला की सूर क्षणभर वर चढेल. ट्यूनर बरोबर दाखवेल, कॉर्ड मात्र बेसूर लागेल. ०.०११ चा संच घाल आणि मग बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणाऱ्या सुराशी) जुळव. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम स्टुडिओत जायच्या दोन दिवस आधी कर, नव्या तारा बसायला वेळ घेतात.

‘बास्केट केस’ची सुरुवात नीट ऐक. फक्त गळा आणि गिटार. बास आणि ड्रम्स पहिल्या कोरसच्या (ध्रुवपदाच्या) मध्यावर येतात, तोवर सगळा भार तळव्याने दाबलेल्या तारांवर. लय मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास, प्रत्येक ठोक्याला दोन, म्हणजे मिनिटाला ३४० झटके आणि सगळे खालच्याच दिशेने. वर-खाली वाजवलंस तर हात थकत नाही, पण वरचा झटका पातळ पडतो आणि ती धडधड जाते. तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर अर्धी टेकव. दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली की सूर मरतो, मागे गेली की तारा मोकळ्या घुमतात. १३० च्या लयीपासून सुरू कर, रोज पाचने वाढव. मनगट आखडलं की तिथेच थांब.

अॅम्पचा गेन, म्हणजे आवाज किती खरखरीत करायचा ते बटण, तुला वाटतो त्याहून कमी हवा. त्या अल्बमवर मार्शलच्या १०० वॉटच्या प्लेक्सी अॅम्पमध्ये बदल करून घेतले होते. पुढे एमएक्सआर कंपनीने या आवाजाचं पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र) काढलं, त्यातही जास्त गेनचा आणि कमी गेनचा आवाज एकत्र मिसळायची सोय ठेवली आहे. कारण उघड आहे: गेन वाढवला की दाबलेल्या सुरांमधली फट भरून जाते आणि झटके वेगळे ऐकू येत नाहीत. मग जाडी आणायची कशी? तोच भाग दोनदा वाजवून, एक डावीकडे, एक उजवीकडे. पहिला टेक (एकदा वाजवून रेकॉर्ड केलेला भाग) कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकू नकोस. दोन्ही तंतोतंत सारखे असले की कानाला ते मधोमधच वाटतात, फक्त मोठे. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकातून. दुसऱ्या टेकला गेन थोडा आणखी उतरव. एसएम ५७ माइक अॅम्पच्या जाळीपासून बोटभर अंतरावर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला लाव. अगदी मध्यावर ठेवलास तर आवाज कानात टोचेल.

बासला मात्र कमी लेखू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘लाँगव्ह्यू’च्या कडव्यात गिटार नाहीच. माइक डर्न्टचा बास आणि ट्रे कूलचे टॉम (ड्रम्समधले खोल आवाजाचे ढोल), तेही झुलत्या लयीत. म्हणून कोरसला गिटार आली की भिंत उभी राहिल्यासारखी वाटते. तुमच्या पाचही गाण्यांत गिटार पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत आहे, मग कोरस मोठा वाटणार कशाच्या तुलनेत? निदान दोन कडव्यांत ती काढ. बास पिकने वाजवा. बोटांनी वाजवलेला बास या वेगात गिटारखाली विरघळतो.

ड्रम्सची कातडी नवी असू दे, आणि क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात. गाणं एका दमात गा. चुकलेला शब्द चालेल, पण ओळ जोडजोडून गायलेली लगेच कळते.

आणि मिक्सचे पैसे दोन वेळचे धर. पहिलं झालं की चार दिवस ऐकू नका. मग मूळ अल्बमशेजारी, दोन्हींचा आवाज सारखा ठेवून लावा. सारखा ठेवला नाही तर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. पहिल्या मिक्सची फाइल पुसू नका. ड्रम्सचे टेक झाले की मला पाठव, गिटार सुरू करायच्या आधी.

तुझा,
निखिल