मंद्याला पत्र: गादी नको, पाय बघ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मंद्या,

गादी अजिबात घालू नकोस. पायाला मुंग्या येतात म्हणून तुझ्या कयाकच्या, म्हणजे त्या वल्ह्याने हाकायच्या अरुंद होडीच्या, सीटवर जाड उशी टाकायचा तुझा बेत कळला. पण बूड दोन इंच वर गेलं की कयाक डगमगायला लागते, आणि तिथे अलिबागच्या लाटांत ते तुला परवडायचं नाही. माझ्या मते दुखणं सीटचं नाहीच, फुटपेगचं, म्हणजे पाय टेकायच्या खुंट्यांचं आहे.

ती कयाक आधी ज्याची होती तो तुझ्यापेक्षा बुटका, म्हणजे पेग त्याच्या मापाने लावलेले. पेग जवळ असले की मांड्या सीटवरून उचललेल्या राहतात, सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो आणि पाठ मागे रेटली जाते. मग मुंग्या येणार नाहीत तर काय! पेग पुढे सरकव. चवडा टेकलेला, गुडघे किंचित वाकून बाहेरच्या बाजूला पडलेले, आणि पाय सैल सोडला की मांडी व थाय ब्रेस (मांडी वरून अडवणारा आतला टेकू) यांच्यात बोटभर फट, असं जमलं पाहिजे. चवड्याने पेग रेटलास की तीच मांडी ब्रेसला भिडायला हवी. हे माप अनवाणी घेऊ नकोस, पाण्यात घालतोस तेच बूट घाल.

बॅकबँड, म्हणजे पाठीमागचा पट्टा, खाली घे, पार माकडहाडाच्या जरा वर. तू तो आरामखुर्चीच्या पाठीसारखा वर चढवला असणार, तुला ओळखतो मी! उंच बँडने मागे झुकता येत नाही, रोल, म्हणजे उलटल्यावर आत बसूनच परत सुलटं होणं, अडतो.

आता कंबर. धरणावर सकाळी वारा सुटायच्या आत जाऊन मी एवढंच करून बघतो: उजवा गुडघा वर ओढायचा. कयाक लगेच डावीकडे कलली तर ठीक. आधी आपणच सीटवर घसरलो आणि मग ती कलली, तर दोन्ही बाजूंना फोम हवा. चपलांचं सामान विकणाऱ्याकडे काळी ईव्हीए फोमची शीट मिळते, तीच चांगली. साधा स्पंज नको, तो पाणी पितो. रापीने कडा तासायच्या, मग पॉलिश पेपर मारायचा. काम किचकट आहे, काळा भुगा नाकात जातो, पण मला आवडतं. तुझी कयाक प्लास्टिकची, तिला सोल्यूशन नीट धरत नाही. तेव्हा फोम सीट आणि बाजूच्या मध्ये घट्ट खोचून पट्ट्याने बांध. कंबर आणि फोम यांच्यात बोटं सरकतील एवढी जागा ठेव. आवळून बसवलंस तर परत मुंग्या, शिवाय उलटल्यावर बाहेर निघताना पंचाईत.

म्हणून प्रत्येक बदलानंतर कमरेएवढ्या पाण्यात, कोणाला तरी शेजारी उभं करून, स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायचं झाकण) लावून मुद्दाम उलटा हो आणि बाहेर ये. स्कर्टची ओढायची पट्टी आत दुमडलेली नाही ना, हे आधी चाचपून बघ. या बाबतीत तुझा ‘बघू नंतर’ मी ऐकणार नाही.

सीटची आतली रुंदी आणि तुझं बसल्यावरचं कमरेचं माप कळव. फोम इथूनच ढोबळ कापून आणतो, तासायचं काम तुझं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या