चंदेरी नॅट आणि कुंभार गल्लीतले आप्पा

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंडावर 'आभारी आहे' म्हटलं की तुम्ही 'बस, चहा घे' म्हणून विषय बदलता. तीनदा झालं तसं. म्हणून आता लिहूनच सांगतो, आणि चारचौघांत सांगतो. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत लोक मूर्ती बघायला येतात, ठरवायला येतात. मी मात्र तुमच्याकडे एक बिघडलेलं विमान घेऊन आलो होतो.

गेल्या जुलैत आठ-दहा दिवस सूर्य दिसला नव्हता. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहत होतं आणि पेपरात रोज पातळीचे आकडे येत होते. मी पेढ्यांचा रिकामा बॉक्स छातीशी धरून तुमच्या मंडपात शिरलो. तुम्ही एका मूर्तीच्या किरीटावर सोनेरीचा शेवटचा हात मारत होता. बाहेर धो धो पाऊस, आणि तो किरीट मात्र आरशासारखा लखलखत होता. तेच मला विचारायचं होतं. एवढ्या दमट हवेत तुमचा रंग चमकतो आणि माझा का मरतो?

बॉक्समध्ये नॅट होतं, म्हणजे वायुदलाच्या त्या जुन्या छोट्या लढाऊ जेट विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एका इंचात बसतात. मूळ नॅटचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ६.७३ मीटर, माझ्या नॅटचे सुमारे सव्वानऊ सेंटिमीटर. तुम्ही ते हातात न घेता आधी नुसतं वाकून पाहिलं आणि विचारलंत, "कुणासाठी?"

बाबांसाठी. वायुदलात ते एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे. १९७१ च्या लढाईत २१ वर्षांचे. त्यांची नोकरीतली पहिली वर्षं नॅटवर गेली. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानांची तुकडी चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों नॅट घेऊन त्यांना भिडले. वायुदलाच्या वाट्याला आलेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. बाबा त्या तळावर नव्हते, पण ते नाव निघालं की आजही खुर्चीत सरळ होऊन बसतात. नोकरीला लागल्यावर बाबांनी पहिल्यांदा पाहिलेलं नॅट चंदेरी होतं. ऑगस्टमध्ये त्यांची पंच्याहत्तरी. मला ते चंदेरी नॅट त्यांच्या हातात द्यायचं होतं.

आप्पा, चंदेरी रंग किती कठोर असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. हिरव्या-तपकिरी रंगाखाली सांधा लपतो, ओरखडा लपतो. चंदेरीखाली काहीच लपत नाही. विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग चिकटवले की मधोमध एक रेघ राहते. ती घालवायला मी आधी ४०० चा पाणी पेपर, मग ८००, मग १०००, मग २००० असा तीन आठवडे घासत होतो. त्यावर चकचकीत काळा, कारण चांदीला खालून काळा आरसा लागतो. आणि मग एका रात्री, पाऊस पडत असताना, मी लॅकरची चांदी, म्हणजे थिनरमधला भराभर सुकणारा चंदेरी रंग, मारली. सकाळी उठून पाहतो तर विमान ताकातून बुडवून काढल्यासारखं. ऑगस्ट तोंडावर आलेला. दोघा-तिघा जाणकारांनी सांगितलं, सगळा रंग उतरव आणि पहिल्यापासून सुरू कर.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, विमान बल्बसमोर धरलंत आणि म्हणालात, "आरं, ह्यो रंग मेला न्हाई. पाणी प्यालाय नुसता."

त्या एका वाक्यानं मला केवढा धीर आला, ते तुम्हाला कळलं नसेल. गणपतीचा हंगाम, तीन पोरं हाताखाली, समोर ओळीनं उभ्या मूर्ती, आणि तुम्ही स्टूल ओढून मला समजावत बसलात. थिनर भराभर उडून जातो, जाताना पृष्ठभाग गार करतो, आणि गार तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं हवेतलं पाणी रंगावर बसतं. वरून रंग धरतो आणि पाणी आत अडकतं. पांढरेपणा म्हणजे तेच पाणी. इंग्रजी पुस्तकांत मी हे वाचलेलं होतं. पण वर्षातले चार महिने मूर्ती आणि उरलेले आठ महिने मोटारसायकलच्या टाक्या रंगवणारा माणूस कोल्हापूरच्या पावसाबद्दल बोलतो, तेव्हा ते कळतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगाच्या फवाऱ्याला हवा पुरवणारा माझा कॉम्प्रेसर आणायला लावलात. टाकीखालचा कॉक उघडला तर पेलाभर गढूळ पाणी निघालं. वर्षभर मी ते सोडलंच नव्हतं, आणि हवेबरोबर त्याचे थेंब रंगात जात होते. मग तुम्ही रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायला लावलात, कारण ०.३ मिलिमीटरच्या नोझलला एक कण पुरे होतो. रंग दुधासारखा पातळ हवा, दाट झाला आणि लांबून मारला तर वाटेतच सुकतो आणि तुपासारखा रवाळ बसतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

आणि चमचे! तुमच्या टाकीच्या कामाचा थिनर प्लास्टिक खातो, ही माझी भीती तुम्ही उडवून लावली नाहीत. म्हणालात, "मग आधी चमच्यावर मार." आइस्क्रीमचे अकरा चमचे मी काळे केले, त्यावर चांदी मारली, मुद्दाम पावसात ठेवून पांढरे पाडले. तुम्ही एकेकावर रिटार्डर मारून बघितलात, म्हणजे हळू उडणारा थिनर, जो रंग पुन्हा मऊ करून अडकलेल्या पाण्याला बाहेर पडू देतो. पहिले दोन सुरकुतले. तिसऱ्यापासून तुम्ही हात लांब धरलात, फवारा हलका केलात, आणि चमचे उजळायला लागले. दुसऱ्याच्या वस्तूची एवढी काळजी करणारा कारागीर मी पाहिला नव्हता.

मग उघडीप पडेपर्यंत थांबायचं ठरलं. पाच दिवस. सहाव्या दिवशी सकाळी अकराला तुमचा फोन, "ऊन पडलंय, ये." मी हाफ डे टाकून आलो. २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण असलेल्या भिंतीपाशी, कोरड्या उन्हात, तुम्ही विमान तारेला लावून धरलंत आणि रिटार्डरचा नुसता श्वास लागावा इतका फवारा मारलात. क्षणभर काहीच झालं नाही. मग पंखाच्या मुळाशी पांढरेपणा विरळ झाला, आणि ओल्या फरशीवरून ओलावा सरकत जावा तसा टोकाकडे सरकत गेला. त्याच्या मागे चांदी उघडी पडत होती. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काढायचं मला सुचलं नाही.

वैमानिकाचा चेहराही तुमचाच म्हणायला हवा. ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं. मी त्यात डोळे काढायचा प्रयत्न करून दोनदा बिघडवलं होतं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तुम्ही स्वतःच करता, ती पोरांकडे देत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून विचारायचं धाडस होत नव्हतं. तुम्हीच बघितलंत. "एवढ्याशा तोंडात डोळा काढायचा न्हाई. भुवईखालची सावली काढ, डोळा आपोआप दिसतो." करंगळी टेबलावर टेकवून, श्वास रोखून एक रेघ, मग दुसरी. तपकिरी. आणि तो माणूस खरोखर समोर बघायला लागला.

पुढचं काम मी घरी केलं. वायुदलाच्या खुणेच्या तिरंगी वर्तुळांची स्टिकरं पाण्यात भिजवून सरकवली, चकचकीत चांदीवर ती एकही बुडबुडा न धरता बसली.

पंच्याहत्तरीच्या दिवशी बाबांनी विमान घेतलं आणि सगळ्यात आधी उलटं केलं. फिटरची नजर! नॅटच्या चाकांची दारंच हवेत ब्रेकचं काम करतात, त्यांची मांडणी मी नीट केली आहे का, ते बघत होते. मग हवा घेणाऱ्या तोंडांच्या कडेला ३० मिलिमीटर तोफांची भोकं शोधली. सापडली. आईला म्हणाले, "दिवा लाव." दिव्याखाली पंख तिरका धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, तरी त्यांनी विचारलं, "हा शेवटचा हात तुझा नाही. कुणाचा?"

मी तुमचं नाव सांगितलं. सगळी गोष्ट सांगितली, चमच्यांसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "अशी माणसं हँगरमध्ये असायची."

आप्पा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, रंगाचेसुद्धा नाही. माझ्या कामाचा एक महिना तुम्ही वाचवलात, पण मी आभार मानतो ते त्याहून जास्त या गोष्टीसाठी, की हंगामाच्या ऐन गर्दीत तुम्ही त्या सव्वानऊ सेंटिमीटरच्या वस्तूला नऊ फुटी मूर्तीइतकंच मनावर घेतलंत.

तुमचा रिटार्डरचा डबा अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी सकाळी परत द्यायला येतो. बाबाही येणार आहेत. त्यांना तुमची स्प्रेगन खोलून बघायची आहे, तेव्हा ती आदल्या रात्री धुऊन ठेवू नका. आपण स्वतः साफ करू म्हणतात.

तुमचा,
विमानवाला