जलपर्णी मारून तळ्यातच कुजत ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
तलाव व जलाशय देखभाल विभाग

विषय : वार्षिक देखभाल करारातील कामात झालेली हयगय, तलावातील मासे मरणे आणि दुसऱ्या हप्त्याच्या बिलाबाबत

महोदय,

तुमचे दुसऱ्या हप्त्याचे बिल मिळाले. कामाच्या रकान्यात 'तलाव १०० टक्के तणमुक्त' असे छापले आहे. बिल हातात घेऊन मी तलावावर गेले आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. पाणी हिरवेगार, काठावर निळसर साय, त्यात अडकलेली प्लास्टिकची बाटली आणि कुजलेल्या मुळांचे तरंगते गठ्ठे. तण तेवढे दिसत नाही हे खरे, कारण ते आता पाण्याखाली सडते आहे.

हे बिल सोसायटी भरणार नाही. का, ते लेखी कळवते आहे, कारण तुमच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस भेटतो आणि त्याला जलपर्णी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

आमचा तलाव म्हणजे पुण्याच्या पूर्वेकडची जुनी दगडखाण. खाण बंद पडली, पाणी साचले, बिल्डरने भोवती पायवाट बांधली आणि जाहिरातीत 'लेक व्ह्यू' लिहून फ्लॅटचे दर वाढवले. हे तुमच्या माणसांना पहिल्याच भेटीत सांगितले होते, कारण कामाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. खाणीचे पाणी वाहत नाही. भर पावसाळ्यात सांडव्यावरून जे काही ओढ्यात जाईल तेवढेच. एरवी जे आत पडते ते आतच राहते. नदीवरची जलपर्णी निदान पुढे तरी जाते. मुळा-मुठेची उजनीपर्यंत जाते आणि तिकडच्या लोकांचा ताप होते. आमची कुठेच जात नाही.

करारात तुमच्याच शब्दांत लिहिले आहे : 'जलपर्णी मानवी व यांत्रिक पद्धतीने मुळासकट काढून आवाराबाहेर विल्हेवाट लावणे.' या वाक्यावर आम्ही सही केली. सर्वसाधारण सभेत दोन कमी दरांच्या निविदा बाजूला ठेवल्या, त्या या वाक्यासाठीच. त्या दोन्हींमध्ये फवारणी होती.

प्रत्यक्षात काय झाले? क्लब हाऊसच्या बाजूची, म्हणजे समितीच्या डोळ्यांसमोरची जलपर्णी तुमच्या कामगारांनी हाताने ओढून काढली. काम चांगले होते, हेही नोंदवते. मग मार्चच्या सुरुवातीला ती माणसे गेली आणि पाठीवर पंप घेतलेली दुसरी माणसे आली. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. काय फवारताय, असे विचारल्यावर 'औषध आहे, मॅडम, काही होत नाही' एवढेच उत्तर. डब्यावरचे लेबल फाडलेले होते. ते ग्लायफोसेट हे तणनाशक असेल तर केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरता येते. त्या मुलांपैकी कोणाकडे काय परवाना होता, हे मी ईमेलवर विचारले. उत्तर आलेले नाही. ते दुसरे काही रसायन असेल, तर त्याचे नाव सांगायला इतके महिने का लागावेत?

आता मुख्य मुद्दा. जलपर्णी पाण्यातले नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) भराभर शोषून घेते. सांडपाणी शुद्ध करायला तिचा उपयोग करतात तो याच गुणामुळे. तिच्या अंगात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, पण उरलेल्या भागात तलावातून ओढलेले हे सगळे खत असते. झाड बाहेर काढले की खतही बाहेर जाते. झाड जागच्या जागी मारले की पाने पिवळी पडतात, देठ मऊ होतात, सगळा लगदा तळाशी बसतो आणि ते खत परत पाण्यात उतरते. कुजताना तो लगदा पाण्यातला प्राणवायूही खातो. त्यात एप्रिलचे ऊन. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. आम्ही जलपर्णी बाहेर नेण्याचे पैसे दिले आणि तुम्ही तिचे खत करून आमच्याच तलावाला घातले.

खत मिळाले, वरचे हिरवे छप्पर गेल्यामुळे थेट ऊनही मिळाले. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी वाटाण्याच्या उसळीच्या रश्शासारखे झाले होते. मग वाऱ्याने पूर्वेच्या काठाला निळसर-हिरवी साय जमू लागली आणि खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. हे निळे-हिरवे शेवाळ म्हणजे खरे तर जिवाणू. त्यांतल्या मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती यकृताला घातक असे विष तयार करतात. तुमच्या पर्यवेक्षकांनी काठावर उभे राहून 'साधे शेवाळ आहे, नैसर्गिक आहे' असे सांगितले. नैसर्गिक तर नागही असतो. आम्ही तेव्हापासून कुत्र्यांना पाण्यात सोडू नका आणि मुलांना काठावर खेळू देऊ नका, असा फलक लावला आहे. तो फलक तुम्ही लावायला हवा होता.

या शेवाळावर तुम्ही जो उपाय केला त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. एका सकाळी नावेच्या मागे गोण्या बांधून तुमच्या माणसांनी अख्ख्या तलावाला फेऱ्या मारल्या. गोण्यांत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार (कॉपर सल्फेट) होता. शेवाळावर मोरचूद वापरतात, हे द्राक्षांवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्या मला नवीन नाही. पण किती वापरायचा हे पाण्याची अल्कता (आम्ल पेलण्याची क्षमता) मोजून ठरवतात. पाणी मृदू असेल तर तोच डोस माशांना मारतो. जड असेल तर तांबे साक्याच्या रूपात खाली बसते आणि तुम्ही आणखी ओतता. तुमच्या माणसांनी अल्कता मोजली नाही. मोजायचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. एका वेळी तलावाचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भाग घ्यायचा, मग काही दिवस थांबायचे, म्हणजे माशांना जायला जागा उरते, हा या धंद्यातला प्राथमिक नियम. तो पाळायला तुमच्या गाडीला आणखी एक-दोन फेऱ्या पडल्या असत्या. डिझेल वाचवलेत.

पुढचे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने पाहिले. पहाटे उजाडायच्या आधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमिट करत होते. ती वेळ महत्त्वाची आहे. दिवसा शेवाळ निदान थोडा प्राणवायू देते. रात्रभर मात्र सगळेच तो वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. सगळे शेवाळ एकदम मेले की देणारे कोणी उरत नाही, कुजणारे मात्र उरते. सकाळी रोहू, कटला आणि चिलापी पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. ते आमच्या माळीकाकांनी आणि सफाई कामगारांनी घमेल्यांनी भरून काढले. तुमच्याकडून कोणी आले नाही. फोनवर कळले की 'उन्हाळ्यात मासे मरतातच'. आमच्याकडे याआधीही उन्हाळे झाले आहेत.

शिवाय मोरचूद टाकल्यावर ही शेवाळाची पेशी फुटते आणि आतले विष पाण्यात मोकळे होते. म्हणजे साय दिसेनाशी झाली त्या दिवसांत पाणी आधीपेक्षा जास्त धोक्याचे असू शकते, आणि नेमके तेव्हाच तुमच्या ॲपवर 'काम पूर्ण' असा हिरवा टिळा लागला. तांबे कुठे उडून जात नाही, तेही गाळात आहे. उद्या हा गाळ काढायची वेळ आली आणि कोणी तो बागेत टाकू म्हणाला, तर काय उत्तर द्यायचे?

दुसरी तक्रार गोंडाळाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दुसऱ्या एका तणाची. आमच्याकडे जलपर्णी होती, काठाला पाणकणीस होते, गोंडाळ नव्हते. तुमची नाव ट्रेलरवरून उतरवली त्या दिवसाचे फोटो सोबत जोडले आहेत. नावेच्या बुडाला आणि ट्रेलरच्या चाकांजवळ गोंडाळाची ओली रोपे लटकलेली स्पष्ट दिसतात. आदल्या कामावरून नाव न धुता आणली, एवढाच याचा अर्थ मला लागतो. एका तलावातले तण दुसऱ्यात नेऊन सोडायचे आणि मग ते काढायचे दरपत्रक पाठवायचे, ही पद्धत असेल तर ती जाहिरातीत लिहा.

हाताने काढलेल्या जलपर्णीचा ढीगही आवाराबाहेर गेला नाही. पंपघराच्या मागे, तलावाच्या दिशेने उतार असलेल्या जागी तो टाकला. वळवाच्या पहिल्या सरीने त्यातला काळा रस सरळ पाण्यात गेला. डासांबद्दल लिहीत नाही. पुण्यात राहणाऱ्याला त्याबद्दल सांगायची गरज नाही.

आणि हे सगळे चालू असताना तुमच्या विक्री प्रतिनिधींनी 'प्रीमियम पॅकेज' पाठवले. त्यात गवत्या मासे, निळा रंग आणि कुठले तरी एन्झाइम. गवत्या हायड्रिलासारखी पाण्यातली कोवळी वनस्पती आवडीने खातो; जलपर्णीच्या जाड देठांकडे तो सहसा वळत नाही. खाल्लेच तरी खत विष्ठेतून पाण्यातच येते. शिवाय ज्या पाण्यात कालच मासे मेले त्यात नवे मासे सोडायचे दरपत्रक पाठवायला धाडस लागते. मी त्यांना जलपर्णी खाणाऱ्या निओकेटिना भुंग्यांबद्दल विचारले. जबलपूरची तण संशोधन संस्था असल्या जैविक उपायांवर अनेक वर्षे काम करते आहे. उत्तर आले, 'ते भुंगे तुमची बाग खातील.' हे भुंगे परदेशातून आणताना ते दुसऱ्या पिकांवर जगत नाहीत ना, हे तपासूनच १९८० च्या दशकात आपल्याकडे सोडले गेले. ते सावकाश काम करतात, त्यांना काही वर्षे लागतात, आमच्या एवढ्याशा तलावाला ते परवडतील का हा वेगळा प्रश्न. पण तलावाच्या देखभालीचे पैसे घेणाऱ्याला एवढे माहीत असावे. हेच गृहस्थ जलपर्णीला 'आत्ताची नवीन समस्या' म्हणाले. बंगाल सरकारने तिच्यासाठी १९३६ साली स्वतंत्र कायदा केला होता.

राहिला तुमचा पाहणी अहवाल. गुळगुळीत कागद, कंपनीच्या इतर कामांचे रंगीत फोटो, आमच्या तलावाबद्दल जेमतेम एक पान. त्यात पाण्यातल्या स्फुरदाचे मोजमाप नाही. आमच्या एसटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे) उरलेले पाणी नळीने तलावात येते, ती नळी तुमच्या पाहणीदाराच्या फोटोतच दिसते, पण मजकुरात तिचा उल्लेख नाही. प्रक्रिया केलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी उरतात. एसटीपी आमचा आहे, त्यामुळे ती नळी बागेकडे वळवायचे काम आम्ही हाती घेतले आहे. पण खत कुठून येते हे न शोधता वर्षाचा करार करणे म्हणजे दर वर्षी तोच करार पुन्हा करण्याची सोय करणे होय.

सोसायटीची मागणी अशी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत फवारलेल्या रसायनाचे नाव, मात्रा, तारीख आणि फवारणाऱ्याच्या परवान्याची प्रत द्यावी. मोरचूद किती टाकला तेही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, आमच्या प्रतिनिधीसमोर नमुने घेऊन, तुमच्या खर्चाने पाण्याची आणि गाळाची तपासणी करावी : पहाटेचा विद्राव्य प्राणवायू, अल्कता, एकूण स्फुरद, तांबे आणि मायक्रोसिस्टिन (निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष). दुपारी बारा वाजता घेतलेला प्राणवायूचा नमुना आम्ही मान्य करणार नाही.

पावसाळा लागण्यापूर्वी तरंगणारे आणि काठालगतचे कुजके गठ्ठे जाळ्यांनी काढून, पंपघरामागच्या ढिगासह, खरोखर आवाराबाहेर न्यावेत. नेल्याची पावती द्यावी. गोंडाळ एकही रोप न ठेवता विनामूल्य काढावे. जलपर्णीचे बी गाळात १५-२० वर्षे जिवंत राहू शकते, त्यामुळे नवी रोपे उगवणारच. कराराची मुदत संपेपर्यंत दर आठवड्याला एक माणूस काठाने फिरून ती हाताने उपटेल, अशी लेखी हमी हवी. अनुकूल हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून महिन्यातून एकदा येणे चालणार नाही. यापुढे समितीच्या लेखी परवानगीशिवाय तलावात कसलेही रसायन, रंग किंवा मासा पडता कामा नये.

पैशांबाबत : दुसऱ्या हप्त्याचे बिल रद्द करावे आणि पहिल्या हप्त्यातून, न केलेल्या विल्हेवाटीच्या कामाची रक्कम परत करावी. मेलेल्या माशांची आणि ते उचलायला लागलेल्या मजुरीची भरपाई वेगळी मागत आहोत, त्याचा हिशेब सोबत आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव समितीने मंजूर केला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवत आहोतच. रसायनांचा भाग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला स्वतंत्रपणे कळवला जाईल.

या पत्राचे उत्तर फोनवर देऊ नये. तुमचे पर्यवेक्षक भेटीला येणार असतील तर सकाळी सहाला यावे. आमचे सुरक्षारक्षक त्यांना मासे कुठे लागले ती जागा दाखवतील.

कळावे,
सचिव,
सोसायटीच्या व्यवस्थापन समितीच्या वतीने

सोबत : कराराची प्रत, नाव व ट्रेलरचे फोटो, मृत माशांचे फोटो, ईमेलच्या प्रती, खर्चाचा हिशेब, समितीच्या ठरावाची प्रत, आणि तुमचे बिल (न भरता परत)