पाणी पुसलं म्हणून क्लेम अडवल्याबद्दल

प्रति,
प्रमुख, दावे विभाग

तुमच्या हेल्पलाइनने आत्ताच माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

माझी घरविम्याची पॉलिसी भारत गृह रक्षा आहे. पाइप फुटून झालेलं नुकसान तीत येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाथरूममधला अँगल कॉक (पाइपावरचा भिंतीतला छोटा नळ) तुटला तेव्हा घरात कोणी नव्हतं. जिन्यावरून पाणी वाहताना पाहून वॉचमनने फोन केला. मी आधी मेन स्विच बंद केला, प्लंबरकडून गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवून घेतला, फोटो-व्हिडिओ काढले आणि त्याच रात्री क्लेम नोंदवला. उत्तर मिळालं: नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही हलवू नका.

जुलैतली मुंबई. ओल्या प्लायला, गाद्यांना २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. सर्व्हेअरचा पत्ता नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तो २४ तासांत नेमायचा असतो. शेवटी मीच पाणी उपसलं, गाद्या बाहेर काढल्या, पंखे लावले.

आता आजचं संभाषण ऐका. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच.

"मॅडम, घरात सध्या पाणी आहे का?"
"नाही, काढलं."
"मग नुकसान पाण्यानेच झालं, हे कसं समजायचं?"
"फोटो पाठवलेत. बेडचा बॉक्स फुगलाय, कपाटाच्या शटरवर बुरशी आहे."
"फोटो कुणाच्याही घराचे असू शकतात. पुरावा तुम्हीच पुसून टाकलात."

वर म्हणे, "एवढी घाई कशाला केलीत?"

बरोबर आहे. घोट्यापर्यंतच्या पाण्यात खुर्ची टाकून तुमच्या माणसाची वाट बघत बसायला हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी ठिबकत होतं, त्यांनाही बादली लावू नका म्हणायला हवं होतं.

नुकसान वाढू नये म्हणून विमाधारकाने वाजवी ते सगळं करावं, हे तुमच्याच पॉलिसीत छापलंय. ते वाचायची जबाबदारीही माझीच का? आणि सर्व्हेअर अजूनही आलेला नाही.

इतकी वर्षं एकही क्लेम न करता हप्ते भरले, तेव्हा ते माझ्याच घरासाठी आहेत का, हे कुणी विचारलं नाही.

सर्व्हेअर ताबडतोब पाठवा आणि "पुरावा पुसला" हा शेरा फाइलमधून काढा. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार आजच टाकते आहे. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाईन. त्यांचं कार्यालय सांताक्रूझला आहे, पार्ल्याहून एकच स्टेशन.

पॉलिसीधारक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई