पन्हाळा–पावनखिंड: एका टप्प्याचं तिकीट मिळेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै लागला की आमच्या सांगली-मिरजेतली पोरं पाठीला पिशव्या लावून पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला निघतात. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ती वाट दोन दिवसांत चालायची. मलाही लई दिवसांची हौस होती. पण मी सदुसष्ट वर्षांचा, एस.टी.चा निवृत्त कंडक्टर, आता स्वतःच अर्ध्या तिकिटाचा प्रवासी. एका आयोजकाला फोन केला, म्हटलं, पहिला दिवस तेवढा चालतो, पैसे पूर्ण घ्या. तो म्हणाला, "काका, अर्धी मोहीम नसते. पूर्ण चालणाऱ्यालाच प्रशस्तिपत्र."

प्रशस्तिपत्र कुणाला पाहिजे होतं?

एस.टी.चा एक टप्पा ६ किलोमीटरचा. त्या हिशेबानं पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत नऊएक टप्पे होतात. उतारूला शेवटच्या थांब्याचंच तिकीट घ्यायला लावणारा कंडक्टर मी तरी पाहिला नाही.

शेवटी मी आणि माझे जुने जोडीदार ड्रायव्हर, दोघंच निघालो. मोहिमेची गर्दी ओसरल्यावर, आडवारी. मिरजेतून पहिली गाडी, कोल्हापुरात बदली, पन्हाळ्यावर चहा. गडाच्या राजदिंडी दरवाजानं उतरलो आणि म्हाळुंग्याकडून मसाई पठारावर चढलो. तिथवर वाट विचारायची वेळच आली नाही. खाली रोपलावण चालू होती, बाया डोक्यावर खोळ घेऊन चिखलात वाकलेल्या. आम्हाला बघून एकीनं विचारलंच, "एवढ्या पावसात कशाला वो?" उत्तर सुचलं नाही.

खरी गंमत पठारावर. मसाईदेवीच्या देवळापर्यंत ठीक होतं. पुढं धुकं असं उतरलं की चार पावलांवरचे ड्रायव्हरसाहेब दिसेनात, आणि त्यांना कानानं कमी ऐकू येतं, म्हणजे हाका मारून उपयोग नाही. जांभ्याच्या सपाटीवर पाणी साचलेलं, त्यातून पाच-सहा वाटा फुटलेल्या, सगळ्या सारख्याच मळलेल्या. आम्ही त्यातली सगळ्यांत रुंद धरली. वीस-पंचवीस मिनिटांनी म्हशींमागून एक पोरगं आलं. "आजोबा, कुटं चाललाय? ही म्हशींची वाट हाय, म्होरं तळं हाय नुसतं." तेच आम्हाला परत वळवून खोतवाडीच्या उतारापर्यंत घेऊन आलं. वीस रुपये देऊ केले तर लाजून पळालं.

मोहिमेच्या दिवसांत तिथं चुन्याचे बाण काढलेले असतात म्हणे. पहिल्या मोठ्या पावसात चुना जातो आणि पुढचे अकरा महिने वाट म्हशींची. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, आनंदच आहे. पण महाराज त्या रात्री गडावर थांबले नव्हते, या वाटेनं गेले होते. गडाला मान आणि वाटेला चुनासुद्धा नाही, हे पटत नाही.

खोतवाडीत पोचलो तेव्हा पाय बोलायला लागले होते. परतीला गाडी कधी, तर एकेकानं वेगळी वेळ सांगितली. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याला दया आली. एकतीस वर्षं लोकांना "आत सरका" म्हणणारा मी, दुधाच्या कॅनांच्या मधे कोंबून बसलो. ड्रायव्हरसाहेब टेम्पोवाल्याच्या गिअर टाकण्यावर तोंड वाकडं करत होते.

मागणं मोठं नाही. पठारावर जिथं वाटा फुटतात तिथं तीन-चार दगड तेलरंगानं रंगवा, चुन्यानं नको. म्हाळुंगे, खोतवाडी, करपेवाडी अशा गावांत वाटेवरच्या एखाद्या भिंतीवर दोनच गोष्टी लिहा, पुढचं गाव किती किलोमीटर आणि संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता. वाटेवरच्या ग्रामपंचायती आणि मोहिमा काढणारी मंडळं मिळून हे एका रविवारात करतील. आणि आयोजकांनी नोंदणीत एका दिवसाचा रकाना ठेवावा. गुडघे गेलेले, सुट्टी न मिळणारे, लहान पोरं असलेले, असे पुष्कळ लोक टप्प्याटप्प्यानं का होईना, ही वाट पुरी करतील.

आम्ही दोघं दसऱ्यानंतर खोतवाडीतून पुढं निघणार आहोत. टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, मिरज (जि. सांगली)