लॅबमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

२५ ऑगस्ट २०२५ ला भौतिकशास्त्रज्ञ राइनर वाइस गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. बातमी वाचली आणि आधी आठवलं ते तुमचं कपाट. दाराच्या आतून चिकटवलेलं त्यांच्या २०१७ च्या नोबेलचं कात्रण, त्यावर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळा डाग.

तेव्हा माझा वायडी झाला होता, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन यायचो आणि लॅबच्या पायऱ्यांवर खायचो. तुम्ही काही विचारलं नाहीत. बिघडलेला पॉवर सप्लाय पुढ्यात ठेवलात, "बसलाच आहेस तर उघड हा." ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, शोधायला मला तीन दिवस लागले. तुम्हाला तो पहिल्याच दिवशी दिसला होता, हे फार उशिरा कळलं.

मग हातातली सोल्डरिंग गन न थांबवता वाइसची गोष्ट. बर्लिनचा जन्म, वडील ज्यू डॉक्टर. नाझींपायी आधी प्राग, मग न्यूयॉर्क. पोरगा रेडिओ दुरुस्त करायचा. रेकॉर्डची खरखर घालवायचं शिकायला एमआयटीत गेला आणि एका पियानोवालीच्या मागे शिकागोकडे जाऊन नापास झाला. (हा भाग तुम्ही जरा रंगवूनच सांगितलात.) परत आला तो टेक्निशियन म्हणून, तिथलेच प्राध्यापक झकारायस यांच्या अणुघड्याळाच्या लॅबमध्ये. पदवी त्यानंतर, १९५५ ला.

पुढे शिकवताना यानेच मुलांना गणित घातलं: प्रकाशाने गुरुत्वीय लहर (अवकाशालाच ताणत-आकसत जाणारी) कशी मोजाल? १९७२ च्या अहवालात स्वतःच मांडलं, उपकरणात गोंगाट कुठून शिरेल: जमिनीचा हादरा, उष्णता, खुद्द लेझर. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या उपकरणाला लहर लागली, १.३ अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेली. त्याच्या चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा शेकडो पटींनी लहान. "म्हणजे जन्मभर खरखरच काढत बसला की रे हा," तुम्ही म्हणालात.

त्या संध्याकाळी मी घरी वायडीचं सांगितलं.

आता उपकरणं दुरुस्त करूनच पोट भरतो. तसंच उपकरण आपल्याकडे उभारायच्या लायगो-इंडियाला २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले, तेव्हा त्याची जागा म्हणून औंढा नागनाथचं नाव वाचून तुम्हाला फोन लावला होता. नंबर बदललाय बहुतेक. म्हणून हे असं उघड पत्र.

दिवाळीत येतोय. तुमची जुनी सोल्डरिंग गन हरवली नव्हती काका, मीच नेली होती. बिट नवी बसवलीय.

तुमचा,
पायऱ्यांवरचा